कोणाशी संलग्न?

सातारा,
२२ जून १९९७

ती. दादा यांस,
प्रियदर्शनीचा सविनय जयभीम. वि. वि.

चैत्रानंतर माझ्याकडून तुम्हांला एक ओळ नाही, याबद्दल आधी माफी मागते. दहावीचे पेपर तपासायला आले, ते संपतात तोवर सासूबाई मोरीत घसरल्या. हाड वाचलं, पण त्यांना उठवण्या-बसवण्यात दिवस जात होता. कारणं खरी आहेत, तरी पुरेशी नाहीत हे मलाही कळतं. पोस्टकार्ड लिहायला असा किती वेळ लागतो.

आम्रपालीचे बारावीचे गुण कळले आणि मी शाळेत सगळ्या बाईंना पेढे दिले. तिला डी. फार्म. करून औषधाचं दुकान काढायचं आहे, हे वाचून तर फारच बरं वाटलं. विट्याजवळच्या नव्या कॉलेजचं रंगीत पत्रक तुम्ही पाठवलंत, ते दोन्ही बाजूंनी वाचलं. इमारतीचा फोटो आहे, अध्यक्षांचे तीन फोटो आहेत. मान्यता हा शब्द शोधला तर ‘मान्यवरांच्या पसंतीस उतरलेले’ एवढंच सापडलं.

म्हणून एकच विचारते. या अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची आहे? कॉलेज तंत्रशिक्षण मंडळाशी संलग्न आहे का, आणि फार्मसी कौन्सिलने त्याला मान्यता दिली आहे का? दुकान चालवायचं तर फार्मासिस्ट म्हणून नोंदणी लागते. कौन्सिलची मान्यता नसेल तर हातात पदविका येऊनही ती नोंदणी होत नाही. दोन वर्षं फुकट जातील. पैसे भरण्याआधी एवढं विचारून कळवा.

वहिनींना जयभीम. उत्तराची वाट पाहते, माया आहे तशी राहू द्या.

आपली,
प्रियदर्शनी


विटा,
२९ जून १९९७

चि. सौ. प्रियदर्शनी हिस,
हिंदुरावाचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र पोचलं. म्हातारीचं हाड वाचलं, बरं झालं. तू विचारलंस म्हणून रविवारची सुट्टी घालवून मी आणि तुझी वहिनी कॉलेज बघून आलो. लय झकास हाय. फरशी अशी की चप्पल बाहेर काढावी वाटली. तुझ्या वहिनीनं मुलींचे संडास उघडून बघितले, तेबी स्वच्छ. बस आपल्या नाक्यावरून सुटते आणि सांजच्याला नाक्यावरच सोडते. अध्यक्ष नानासो स्वतः खुर्चीतनं उठले आणि मला हिंदुरावसाहेब म्हणाले. एसटीच्या डेपोत गाड्यांखाली निजून माझी हयात गेली, तिथं मला साहेब कुणी म्हटलेलं न्हाई.

आता तुझी मान्यता. ती आपिसात फ्रेम करून लावलीय. गोल शिक्का हाय, सही हाय. मी जवळ जाऊन बघितली. तुझ्या पत्रातला तो शब्दही विचारला, संलग्न हाय का म्हणून. कारकून अर्जुना म्हणाला, आवं पूर्ण संलग्न हाय, निर्धास्त ऱ्हावा. आता तुझं समाधान व्हायला हरकत नसावी. लहानपणी बाजारातनं भेंडी आणली तरी तू एकेक मोडून बघायचीस, ती खोड गेली न्हाई.

फी वीस जुलैच्या आत भरायची हाय. कराडच्या कॉलेजचं मी मनातनं काढलंय, पोरीला होस्टेलवर ठेवणार न्हाई. साताऱ्याला तुझ्याजवळ असती तर गोष्ट वेगळी होती. इथं जमलं तर शिकेल. न्हाईतर कोरेगावचं स्थळ आलंय, मुलगा रेल्वेत हाय, माणसं घाईत हायेत. मी त्यांना वीस तारखेपर्यंत थांबवलंय.

मुलांना आशीर्वाद. आठवण ठेव, तशी ठेवतेसच.

तुझा,
दादा


सातारा,
५ जुलै १९९७

ती. दादा यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी कपाळाला हात लावला. मी फरशीची मान्यता विचारली नव्हती. संडास स्वच्छ आहेत हे चांगलंच आहे, पण कौन्सिल संडास पाहून नोंदणी देत नाही.

भिंतीवर फ्रेममध्ये आहे ती संस्थेची नोंदणी असणार. तशी नोंदणी क्रिकेट क्लबचीही होते आणि भजनी मंडळाचीही. चार माणसं एकत्र आली आहेत, एवढंच तिच्यावरून कळतं. ती औषधं शिकवू शकतात की नाही, हे त्यात कुठेच नसतं. तुमच्या भाषेत सांगते. डेपोत नवी कोरी गाडी आली, रंग चकचकीत, सीटवरचं प्लास्टिकही निघालेलं नाही. पासिंग झालं नसेल तर तुम्ही ती गेटाबाहेर काढता का? पासिंग त्या त्या गाडीचं असतं, डेपोच्या पाटीचं नसतं. आणि त्याला मुदत असते. कॉलेजचंही तसंच आहे. मान्यता अभ्यासक्रमाला असते, ठरावीक वर्षांपुरती असते आणि ठरावीक जागांना असते. गाडीच्या बाबतीत तुम्ही इतके काटेकोर, आणि पोरीच्या बाबतीत कुणी साहेब म्हटलं की विरघळता.

हे लिहिताना मी स्वतःलाही विचारते, की नवं आहे म्हणून तर मी नाक मुरडत नाही? प्रत्येक चांगल्या कॉलेजचीही कधीतरी पहिली तुकडी असतेच. शिवाय मी खोडा घातला आणि त्यापायी तिचं शिक्षणच राहिलं, तर तो दोष कोणाचा? तरी माहीत असून गप्प बसणं जमत नाही.

काल शाळा सुटल्यावर इथल्या जुन्या फार्मसी कॉलेजात जाऊन आले. दोन्ही मान्यतांची पत्रं त्यांनी न कुरकुरता दाखवली. दुसऱ्या फेरीत जागा निघतील, अर्जाची मुदत २१ जुलै. आम्रपालीचे गुण पाहता तिचा नंबर नक्की लागेल असं तिथल्या सरांचं म्हणणं.

सोबतची चिठ्ठी आम्रपालीला द्या. तीन प्रश्न आहेत. मंडळाशी संलग्नतेचं पत्र कुठे आहे, कौन्सिलकडे अर्ज केला का, आणि शिकवणारे कोण? तिने स्वतः जाऊन विचारावं. तिच्याशी साहेब-बिहेब कुणी करणार नाही.

वहिनींना जयभीम. रागावलात तरी पत्र टाका.

आपली,
प्रियदर्शनी


विटा,
१२ जुलै १९९७

ती. आत्यास,
आम्रपालीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमची चिठ्ठी घेऊन मी एकटीच कॉलेजात गेले. आबा म्हणाले, जा, तुझ्या आत्याचं समाधान करून ये.

अर्जुना कारकुनांना पहिला प्रश्न विचारला, कोणाशी संलग्न? त्यांनी पेनानं भिंत दाखवली. मला कळेना. मग ते उठून मला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, हे काय, संस्थेच्या हायस्कूलला संलग्न. आत्या, खरंच मधली भिंत फोडून दार केलंय. तिकडे नववीची प्रयोगशाळा आहे, तीच आमची. टेबलावर बेडकाचं चित्र आणि दोन परीक्षानळ्या होत्या. मला हसू आलं, पण मी हसले नाही, कारण ते फार अभिमानानं दाखवत होते.

मंडळाचं पत्र येईल म्हणाले. कौन्सिलचं नाव काढल्यावर म्हणाले, पहिली तुकडी बाहेर पडली की बघू. शिकवायला कोण, तर हायस्कूलचेच सर आणि गावातले एक मेडिकलवाले, दुपारी दुकान बंद असतं तेव्हा येतील. जाताना त्यांनी मला चहा पाजला आणि विचारलं, एवढे प्रश्न लग्नाच्या मुलालाही विचारणार का? मी म्हटलं, त्याला तर जास्तच.

घरी येऊन सगळं सांगितलं. आबा म्हणाले, म्हणजे पासिंगच न्हाई की. त्यांनी फीचे पैसे परत पेटीत ठेवले. मला वाटलं आता ते साताऱ्याचं काढतील. पण ते म्हणाले, मग कोरेगावच्यांना कळवून टाकू.

एक लिहू का, लहान तोंडी मोठा घास होतोय. साताऱ्याबद्दल आबांनी तुम्हांला लिहिलं होतं. तुमचं पत्र आल्यावर त्यांनी ते उलटून मागची बाजूही बघितली, काही लिहिलंय का म्हणून. तुमचं घर लहान आहे आणि तुमच्या सासूबाई अंथरुणावर आहेत हे मला माहीत आहे. मी त्यासाठी लिहीत नाही. पण मला शिकायचं आहे, हे कुणाला तरी सरळ लिहावंसं वाटलं.

चुकलं तर पदरात घ्या.

तुमची,
आम्रपाली


सातारा,
१६ जुलै १९९७

ती. दादा यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

आम्रपालीचं पत्र काल मिळालं. भिंतीचा मजकूर वाचून मी हसले, आणि पुढचा वाचून तोंड लपवावंसं वाटलं.

तुमच्या पत्रातलं साताऱ्याबद्दलचं ते वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. उत्तर लिहिताना मी फरशी घेतली, फ्रेम घेतली, पासिंग घेतलं, आणि ते वाक्य तेवढं सोडून दिलं. दोन खोल्यांत पाच माणसं आहोत, सासूबाईंना रात्री उठवावं लागतं, नळाला पाणी सकाळीच असतं. असं सगळं मनात मांडून ठेवलं होतं. एकीकडे पोरीला परक्या कचेरीत प्रश्न विचारायला धाडलं, आणि तुम्ही मला विचारलेल्याचं उत्तर स्वतःशीच दाबून ठेवलं. ते कॉलेज वाईट ठरवून मी तिला दिलं काय, तर कोरेगाव.

पण तुमच्यावरही माझा राग आहे, दादा. ‘तुझ्याजवळ असती तर गोष्ट वेगळी होती’ हे काय विचारणं झालं? बहिणीच्या घरी पोरगी ठेवायची तर ठेव म्हणावं. तुम्ही कडेकडेने बोलणार, मी कडेकडेने न ऐकल्यासारखं करणार, आणि त्या पोरीने मध्ये उभं राहून दोघांची पत्रं उलटून बघायची.

तर आता सरळ लिहिते. आम्रपालीला शनिवारी पहिल्या एसटीने पाठवा. सोबत गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला, सगळं मूळ प्रतींसह. सोमवारी मी अर्धी रजा काढून तिच्याबरोबर जाईन. ती आमच्याकडे राहील. तिला झोपायला पुढच्या खोलीत जागा होईल, अभ्यासाला माझ्या शाळेची लायब्ररी आहे. तिने घरकामाला हात लावायचा नाही असं मी ठरवलंय, पण ते मला पाळता येईल की नाही याची खात्री देत नाही. मी विसरले तर तिने सांगावं, ती सांगेल असं दिसतं.

कोरेगावच्या मंडळींना नम्रपणे कळवा, मुलगी शिकते आहे. थांबायचं असेल तर थांबतील.

ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, आधी आईला विचार. ते नेहमी असंच म्हणतात आणि अंघोळीला निघून जातात. पाहुणे पंधरा दिवसांवर राहिले की सासूबाई कशा वागतात हे तुम्हांला माहीत आहे, आणि ही तर दोन वर्षं राहणार. तरी हे पत्र आत्ताच पेटीत टाकते, त्यांच्याशी बोलण्याच्या आधी. नाहीतर मी पुन्हा कारणं मांडत बसेन.

वहिनींना जयभीम. माझ्यावर रागावण्याचा हक्क आहेच, तेवढा वापरून झाल्यावर लोभ पूर्वीसारखा करावा.

आपली,
प्रियदर्शनी

ता. क. रोज रात्री रोजनिशीत लिहिते ते आज इथेच लिहिते, म्हणजे माघार घेता येणार नाही. उद्याचं काम : सासूबाईंना विचारणे. हे खोडलं. सासूबाईंना सांगणे.