शेरू अजून किती वाढेल

पांडेसरा, मंगळवार, ९ मे १९९५

आज दाजींनी शेवटचं सांगितलं. रविवारपर्यंत शेरूची सोय कर.

चूक माझीच. ज्या बंगल्यावर रंगकाम करत होतो (चारच दिवस केलं, वासाने डोकं दुखायचं, असो) तिथल्या माळीकाकांनी कुत्र्याचं पिल्लू देताना त्याचे पंजे दाखवले होते. "आ बहु मोटो थवानो, भाई." खूप मोठा होणार म्हणे. मी जात तेवढी लक्षात ठेवली, ग्रेट डेन. मिरवायला बरी. त्याची आई किती मोठी, तो खातो किती, काही विचारलं नाही. आठ महिन्यांत वासराएवढा झाला.

ताईची एकच खोली. दाजी लूमवर रातपाळी करून सकाळी येतात, तर पंख्याखाली त्यांच्या जागेवर हा आडवा. आज म्हणाले, "याला सांग, आता माझी पाळी." मला हसू आलं, तर भडकले. "काय हासी राह्यना रे? बारा घंटे उभा व्हतू मी."

खरंच आहे त्यांचं. पण शेरू वाईट कुठे आहे? भाची पिंकी त्याच्या पोटावर डोकं ठेवून पाढे म्हणते. ते पंजे बघून तरी मला कळायला हवं होतं.

चलथाणला उसाच्या राखणीला कुत्रा हवाय म्हणे. साखळीला बांधतील. ताईला म्हटलं, मीपण जातो त्याच्याबरोबर. ती म्हणाली, "तुला कोण ठेवून घेणार?"

पिंकीला अजून सांगितलं नाही. मघाशी तिने विचारलं, "मामा, शेरू अजून वाढेल?"

"नाही," म्हणालो. माळीकाका म्हणाले होते, दोन वर्षं वाढतात.