मी सांगेपर्यंत

१२ फेब्रुवारी

सकाळपाळीचा चौथा फोन. "अँब्युलन्स हवीय," म्हणाली. सात वर्षांची पोर! बाप खिडकीची काच बसवत होता, ती निसटून मांडीत घुसली. आई कामावर. घरात ही एकटी आणि आवाज कसा, तर वर्गात हजेरी देतेय!

"मावशी, आईचा चांगला टॉवेल आहे. चालेल?"

चालेल गं बाई! म्हटलं, फोन स्पीकरवर टाक, टॉवेल दोन्ही हातांनी दाब, मी सांगेपर्यंत काढायचा नाही.

"बरं," म्हणाली.

ट्रेनिंगमध्ये साहेबांनी शिकवलेलंच — मुलांच्या हाताला काम द्या, भीतीला जागा उरत नाही. अकरा मिनिटं दाबून बसली. मध्ये एकदाच म्हणाली, "हात दुखतायत. पण दाबतेय." मग दार, बुटांचे आवाज, फोन कट. लगेच पुढचा फोन — कुणाचं तरी मांजर गच्चीवर अडकलंय!

१३ फेब्रुवारी

फोन संपला की चौकशी करायची नाही, असा इथला नियम. नियम करणाऱ्याच्या कानात असलं पोर कधी बोललं नसणार.

१४ फेब्रुवारी

त्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर चहाला भेटला. नियम गेला चुलीत, विचारलंच.

"रडली नाही की ओरडली नाही. पण हात काढेना! फोनवरच्या मावशीनं अजून सांगितलं नाही म्हणे. शेवटी मीच एकेक बोट सोडवलं."

हसलो दोघंही. मग म्हटलं, बाप कसा आहे?

त्यानं कप खाली ठेवला. रक्त आधीच फार गेलं होतं म्हणाला. हॉस्पिटलच्या दारापर्यंत होता, तेही पोरीनं दाबून धरलं म्हणून.

आणि मी तिला 'आता सोड' एवढंही सांगितलं नाही. कसं विसरले मी!

१५ फेब्रुवारी

साहेब म्हणाले, आदर्श कॉल, नव्यांना शिकवताना ऐकवू. ऐकवा!

१९ फेब्रुवारी

आज तिचा फोन आला. "फोनवरची मावशी द्या" म्हणाली, म्हणून शेजारच्या टेबलावरून मला जोडून दिला. आवाज तोच, हजेरीचा.

"मावशी, तुम्ही सांगायच्या आधीच त्या काकांनी माझे हात काढले. म्हणून बाबा गेले का?"

नाही गं बाळा! नाही, नाही — किती वेळा म्हटलं कुणास ठाऊक.

"बरं," म्हणाली. अगदी त्या दिवशीसारखंच.