नाखुशीला इंग्रजीत काय म्हणू?

पुनावळे, सोमवार संध्याकाळ

अहो,

तुमच्या तेराव्यानंतर आज पहिल्यांदा कामावर गेले. सकाळी कंपनीच्या बसने निघोज्याला, संध्याकाळी त्याच बसने घरी. दिवसभरात जे झालं ते सांगायला घरात कुणी नाही, म्हणून लिहितेय.

टेबलावर पहिलंच काम होतं इग्नासिओ साहेबांचा अहवाल. नेहमीसारखा स्पॅनिशमधून इंग्रजीत करून हेड ऑफिसला पाठवायचा. वाचायला घेतला, तर तुमच्याच लाईनचा! तुमच्या चार नंबरच्या प्रेसवरचे कामगार ‘रेआसिओ’, म्हणजे नाखूश, आहेत, त्यांना बदलायचं का, असं त्यात विचारलं होतं.

रेआसिओला मी ‘रिलक्टंट’ लिहिलं, तर मन नसताना काम करतात असा अर्थ होतो. ‘अनविलिंग’ लिहिलं, तर करायलाच तयार नाहीत. त्या प्रेसवरचे सलीमभाई आणि गणेश दोघेही कंत्राटी. दुसरा शब्द वर गेला असता, तर त्यांचं काय झालं असतं?

अशा वेळी मी तुम्हाला विचारायचे. तुम्हाला ना स्पॅनिश यायचं, ना धड इंग्रजी. लसूण सोलत म्हणायचात, “माणूस काय करतोय ते आधी सांग. शब्द मागनं बघू.” आणि मग तुमची मराठी सुरू व्हायची. जिवावर येणं, आढेवेढे, टाळाटाळ, चालढकल, अंगचोरपणा!

“एवढे शब्द कुठून आणता हो?”

“लाईनवर हायेत की सगळे. एकेकाला एकेक लागू होतो!”

आणि तुम्हाला कोणता लागू होता? छातीत दुखतंय म्हणालात, तेव्हापासून दवाखान्याचं सांगत होते. तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत. “जाऊ की,” म्हणायचात. नाही म्हणाला असता तर भांडले असते, ओढत नेलं असतं. “जाऊ की” म्हणणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं?

तुमचंच ऐकलं आणि माणसं काय करतात ते बघायला खाली लाईनवर गेले. सलीमभाई प्रेस चालवत होते, उभ्यानेच. मागे तुमचा स्टूल तसाच होता, त्यावर झेंडूची माळ.

“काम नाकारलंत का हो?” मी विचारलं.

“तोबा! वहिनी, माल पूर्ण देतोय. फक्त दत्ताभाऊंच्या जागेवर बसवत नाही. आणि सकाळी मशिनला पहिला हात कोणी लावायचा, यात थोडा वेळ जातो. हा म्हणतो तू लाव, मी म्हणतो तू लाव.”

“शेवटी नमस्कार करून मीच लावतो,” गणेश म्हणाला. “दत्ताभाऊ असते तर शिव्या घातल्या असत्या. म्हणाले असते, अरे मशिन आहे का नवरी, लाजताय कसले?”

मला हसू आलं. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

साहेबांनी तेवढंच पाहिलं होतं. मशिनसमोर उभी माणसं आणि मागे सरणारे हात. मी वर जाऊन त्यांना समजावलं. ते म्हणाले, “मला कुणी सांगितलं का नाही?” काय सांगणार? विचारलं असतं तरी दोघं “काही नाही साहेब” एवढंच म्हणाले असते.

मी ‘रिलक्टंट’ लिहिलं. साहेबांनी खाली एक ओळ घालायला लावली. ही नाखुशी सहकाऱ्याच्या मृत्यूमुळे आहे, काम पूर्ण होते, माणसं बदलू नयेत.

तुमच्यामागे माणसं इतकी हळहळतात, हे मला एका अहवालातून कळावं? त्यांना तुमचा एवढा लळा आहे, हे घरी कधी बोलला नाहीत.

निघताना सलीमभाई गेटपाशी थांबले होते. “वहिनी, तो स्टूल कधी वापरायचा, ते तुम्हीच सांगा. आमच्यानं होत नाही.” मी “बघू” म्हणाले आणि बसमध्ये चढले. मला तरी कुठे होतंय? त्यावर दुसरं कुणी बसलं, की तुम्ही तिथूनही गेलात.

पण पूर्ण शिफ्ट उभं राहून त्यांचे पाय सुजत असतील. उद्या जेवणाच्या सुट्टीत खाली जाईन. माळ मी स्वतः काढेन आणि सलीमभाईंना “बसा” म्हणेन. मनातून नको वाटेल, तरी म्हणेन. हे कबूल करते.

आज पाण्याचा दिवस आहे. नळ आलाय, पिंप भरून घेते.

तुमची,
सविता