पाड न लागलेला गुलाबी नीलम

रत्नागिरी,
२३ एप्रिल १९८६

तीर्थस्वरूप हरिहरकाकांच्या पायांशी चिंतामणीचा साष्टांग नमस्कार. (गुडघा सुजला आहे, तेव्हा एक अंग कमी धरावं.) तुमचं पित्त कसं आहे? काकूंची कंबर ठाण्याचे ते तीन जिने अजून चढू देते ना? इकडे सर्व क्षेम असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पुढचं वाचून झालं की ते वाक्य खोडून टाकावं.

काका, गेली दहा वर्षं तुम्ही माझ्यासाठी स्थळं आणता आणि मी नाकं मुरडतो. एकीचा आवाज, दुसरीचे भाऊ (पाच होते आणि पाचही तालमीत जाणारे), काही ना काही निघतंच. शेवटी तुम्ही वैतागून लिहिलंत की तुझ्या पसंतीची आता घडवूनच घ्यावी लागेल. तर काका, ती आयती घडलेली सापडली! नाव उमा. इथल्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. मला इतका आनंद झाला आहे की शेवटच्या तासाला सातवीच्या फळ्यावर मी हत्ती काढला, तोही गालात हसायला लागला.

हे सुरू झालं वाचनालयातल्या तिच्या व्याख्यानापासून. विषय होता रत्नं. मी गेलो होतो पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून. ती म्हणाली की माणिक काय नि नीलम काय, दोन्ही मुळात एकाच खनिजाचे, कुरुंदाचे खडे. तांबडा निघाला की माणिक, आणि फिका गुलाबी असला तर त्याला गुलाबी नीलम म्हणतात. हल्ली रंग खुलवायला खडे भट्टीत भाजतात, पण ‘मला विचाराल तर जमिनीतून निघाला तसा, आतल्या दोषांसकट असलेला गुलाबी नीलमच मला आवडतो.’ तिला कोणी विचारलं नव्हतं. मी मात्र ते उत्तर माझ्यासाठीच आहे असं धरून चाललो. शिवा (माझा शाळासोबती, बोटीवर इंजिनखात्यात असतो) कोलंबोला जायचा होता, त्याच्या मागे लागून एक खडा आणवला. तुरीच्या दाण्याएवढा. रंग म्हणाल तर पाहुणे वाढले की कोकम सरबताला येतो तो.

आता खडा अस्सल आहे की शिवाला कोणी टोपी घातली, हे उमाशिवाय कोण सांगणार? मी गेलो. तिने सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मलाही दाखवला. आत रेशमासारख्या बारीक रेघा होत्या. भट्टी लावली असती तर त्या विरल्या असत्या, म्हणाली. माझी खात्री पटली. तरीही खात्रीसाठी मी पुन्हा गेलो, आणि नंतरही जात राहिलो. (शास्त्रात एका पाहणीवर विसंबू नये असं तिनेच सांगितलं होतं.) पेपर तपासून झाले की ती या रविवारी कोल्हापूरला आईकडे जाणार, आणि आईने तिकडे एक इंजिनियर तयार ठेवला आहे म्हणे. त्याआधी तिच्या बोटात अंगठी हवी. एवढंच साधायचं होतं, काका!

पण घरात लीलाआत्या आहे. तुमची थोरली बहीण, तुम्हाला मी काय सांगावं! तिचं म्हणणं, नीलम शनीचा, माणिक सूर्याचा, आणि हे बापलेक एकमेकांचं तोंड पाहत नाहीत; गुलाबी खडा म्हणजे दोघांना एका खोलीत कोंडण्यासारखं. खडा माझ्यासाठीच आणलाय असं मी तिला सांगितलं होतं, तेव्हा आधी तो मला धार्जिणा आहे का ते पाहायचं. म्हणून तो उशाखाली ठेवून झोपायचं आणि स्वप्न सांगायचं. स्वप्नात रोज उमा. ते आत्याला कसं सांगू? मी म्हटलं, शाळा तपासणारा इन्स्पेक्टर दिसला. आत्याने कपाळाला हात लावला. मग खडा दंडाला बांधला. त्याच दिवशी कॉलेजच्या उतारावर सायकलचा ब्रेक तुटला आणि मी हौसा कोळणीच्या टोपलीत जाऊन पडलो. ‘मास्तरानू, बांगडं हवं व्हतं तं मागायचं, उडी कशाला मारलीत?’ असं ती ओरडली, आणि फाटकात उमा उभी! तिने माझ्या कानामागचा खवला काढला. काका, याला अपघात म्हणायचं का?

आत्याने मात्र अपघातच म्हटलं. ‘कुरुंद म्हणजे सुरीला धार लावायचा दगड ना? तो हातात घालून कोणाचं भलं झालंय?’ मग मी तिला आपल्या पावस गावच्या आंबेबागेच्या भाषेत समजावलं. पावडर मारून पिकवलेला आंबा वरून पिवळाधमक, आत आंबटढोण. अढीत पेंढ्याखाली पिकलेला तो खरा. तसा हा खडा, कसलीही पावडर न मारलेला. आत्या चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिली. तिला पटलंय असं मी समजलो. पटलंच होतं, पण तिच्या पद्धतीने. ‘मेल्या, याला अजून पाड लागलेला नाही,’ असं स्वतःशीच म्हणाली असणार, कारण मी शाळेत गेल्यावर तो तांबडा व्हावा म्हणून तिने अढीत घातला. पेंढ्याखाली, हापूसच्या शेजारी, पिकायला!

हे कळलं तेव्हा आंबे निघून गेले होते आणि खडाही. आम्ही उरलेला पेंढा अंगणात पसरला. आत्याने ‘दगडातली जाणकार’ म्हणून उमालाच बोलावून आणलं. मी शाळा सुटून आलो तेव्हा दोघी पेंढ्यात बसून खदखदून हसत होत्या. उमाच्या केसांत काड्या, आणि मला रडू यायच्या बेतात असूनही त्या काड्या फार शोभत होत्या. खडा मिळाला नाही. बाकी ठीक. काकूंना नमस्कार.

तुमचा,
चिंतामणी

ता. क. बागेतल्या लवूबरोबर एस. टी.ने पाठवलेली हापूसची पेटी पोचली असेलच. ती आत्याने त्याच अढीतून भरली, त्यातल्याच पेंढ्यासकट. तरी कृपा करून काडी न् काडी झाडून पाहावी, आंबे चोखताना दात सांभाळावेत आणि काकूंनी पत्र पोचल्यापासून केर काढू नये. तारच करणार होतो, पण पोस्टात दादू आहे. ‘गुलाबी नीलम आंब्यात शोधा’ हे त्याच्या हाती दिलं असतं, तर संध्याकाळपर्यंत तुमच्या आधी सगळ्या रत्नागिरीने आंबे कापले असते.

ता. क. दुसरा. एक बारीकशी गोष्ट लिहायची राहिली. उमाला मी अजून विचारलेलं नाही. अंगठी हातात असती तर धीर आला असता. नुसता तिच्यापुढे गेलो की मी दगडांवरच बोलतो. तेव्हा खडा सापडताच घेऊन यावं आणि वडीलकीच्या नात्याने तुम्हीच विचारावं. नाही म्हणाली तर मला जरा दमाने सांगावं.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलेलं फोडून लिहितो आहे. आत्याने विचारलं, काकाला एवढं काय लिहितोस? मी सांगितलं. तर म्हणते, मी तिला त्या दिवशी पेंढ्यातच विचारून टाकलं. (झोपेत इन्स्पेक्टरला कोणी ‘उमा, उमा’ म्हणतं का, असंही म्हणाली.) उमा तिथल्या तिथे हो म्हणाली, आणि तेव्हापासून मी कधी तोंड उघडतो म्हणून दोघी वाट पाहताहेत! तेव्हा काका, खडा सावकाश शोधा. तुम्ही मात्र लगेच निघा.