फॉस्फरस निघत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

आले एकदाची. ताई थांब्यावर उभीच होती. मी बसमधून पाय खाली टाकायच्या आत तिने बॅग अशी ओढून घेतली, की बाकीच्या प्रवाशांना चोरी झाल्यासारखं वाटलं असेल. आई गेल्यापासून मी हिच्याच हातचं खाऊन वाढले. त्यामुळे नव्या गावाला आल्यासारखं वाटतच नाहीये, माहेरी आल्यासारखं वाटतंय.

भाऊजींनी मला त्यांच्या ओतकामाच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून चिकटवलं आहे. ते तिथली भट्टी सांभाळतात आणि निम्मे मालकही तेच आहेत. माझ्या आधी जे केमिस्ट होते त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. त्यांना परदेशात नोकरी लागली म्हणे, आणि ते एकाएकी निघून गेले. त्यांचंही भलं झालं, माझंही. भाऊजींनी जेवताना माझ्या जाड चष्म्याची यथेच्छ थट्टा केली. असली भिंगं असताना मशिन कशाला, नुसतं बघूनच सांग लोखंडात काय काय आहे, म्हणाले. ताई हसून हसून लाल झाली होती.

खोली मागच्या बाजूला आहे, लहान पण माझी एकटीची. ताईने उशीला माझ्या आवडीचा पिवळा अभ्रा घातलाय.

५ फेब्रुवारी, बुधवार

प्रयोगशाळा म्हणजे काचेची एक खोली, भट्टीच्या चौथऱ्यासमोर. आत स्पेक्ट्रोमीटर आहे, बाहेर त्याला सगळे नुसतं 'स्पेक्ट्रो' म्हणतात. काम सोपं आहे, पण नखरे फार. भट्टीतून पळीभर वितळलेलं लोखंड घेऊन तांब्याच्या साच्यात ओततात. ते तिथल्या तिथे गोठलं पाहिजे. सावकाश निवलं तर आतला कार्बन काजळीसारखा वेगळा होतो आणि मशिन चक्क खोटं बोलतं. गोठलेली चकती बिस्किटाएवढी असते. मी तिचं तोंड घासून सपाट करते, मशिनवर ठेवते, आत ठिणगी पडते. त्या ठिणगीच्या उजेडावरून मशिन सांगतं, कार्बन किती, सिलिकॉन किती, गंधक किती. चकतीवर काळा ठिपका उरतो. असे तीन ठिपके, त्यांची सरासरी, आणि खाली माझी सही. सही झाल्याशिवाय माल फाटकाबाहेर जात नाही. हे वाक्य मी आज मनात चार वेळा म्हटलं, इतकं मला ते आवडलं.

इथे लिफ्टच्या ब्रेकचे ड्रम बनतात. मास्तर गेल्यापासून सहीवाचून एकही ड्रम बाहेर पडलेला नाही. तडकलेले ड्रम परत भट्टीत, त्यांचे नवे ड्रम, ते तडकले की पुन्हा भट्टीत. साचे भरणारे काका म्हणाले, आम्ही महिनाभर तेच लोखंड फिरवतोय, भाजी गरम करून करून वाढावी तसं.

८ फेब्रुवारी, शनिवार

तडकण्याचं कारण मला सापडलं, आणि मी स्वतःवर जाम खूश आहे. फॉस्फरस. ठिसूळपणा त्यानेच येतो. असायला हवा ०.०५ टक्के, दिसतोय ०.१९. आधी मशिनवर संशय घेतला. पण ज्या तुकड्यातलं प्रमाण आधीच ठाऊक असतं, तो प्रमाण-तुकडा ठेवून पाहिला तर आकडा अगदी बरोबर आला. मशिन निर्दोष आहे.

आता हा फॉस्फरस आला कुठून? भंगाराचे सगळे नमुने तपासले, सगळे स्वच्छ. भट्टी अर्ध्या टनाची. म्हणजे वाढीव फॉस्फरस सातशे ग्रॅम होतो. एवढा कुणी चिमटीने टाकत नाही. आणि एकदा लोखंडात गेला की तो या भट्टीत निघत नाही. दुसरं चांगलं लोखंड मिसळून पातळ करायचा, एवढाच उपाय.

रात्रीचं जेवण आटोपल्यावर ताईला सगळं सांगितलं. तिला त्यातलं काही कळत नाही, पण मन लावून ऐकते बिचारी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

भाऊजींनी आज बोलावून सांगितलं की दशांशांच्या फार मागे लागू नकोस, मशिनचं माप जरा खाली आणून ठेव आणि सह्या कर. सातशे ग्रॅमबद्दलही बोलले. मी ते फक्त ताईला सांगितलं होतं. नवराबायको आहेत, बोलणारच. तरी मला जरा लागलं.

मी नाही म्हटलं. लिफ्टमध्ये माणसं असतात. मी हट्टच धरून बसले तेव्हा कुठे त्यांनी निम्मी भट्टी रिकामी करून ताजं लोखंड भरायला परवानगी दिली. आकडा ०.१२ वर यायला हवा होता.

०.१९. तीन ठिपके, तिन्ही ०.१९. दुसरी चकती घेतली. ०.१९.

आणखी एक. शनिवारच्या चकत्या ट्रेमध्ये तशाच होत्या. आवरायला हातात घेतल्या तर कोमट लागल्या. क्षणात निवणारं लोखंड, त्याला तीन दिवस झालेत. ट्रे लोखंडाचा, तो गार. फक्त चकत्या कोमट. ताप उतरत आलेल्या माणसाच्या कपाळासारख्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

टेबलाचा खालचा खण अडकत होता. ओढून काढला तर मागे एक चष्मा. माझ्याहून जाड भिंगं. काकांना दाखवला. त्यांनी भिंगांवरची धूळ अंगठ्याने पुसली. मग म्हणाले, मास्तरांचा आहे, याच्याशिवाय मास्तरांना स्वतःचा हात दिसत नसे. मास्तर गेले त्या दिवशी भट्टी पेटलेली असताना सगळ्यांना अचानक दुपारी सुट्टी दिली होती, हेही त्यांनीच सांगितलं. तेव्हाही सहीवरूनच वाद चालला होता. त्या वेळी गंधक जास्त होतं, फॉस्फरस ठीक होता.

चष्म्याशिवाय कुणी परदेशी जातं का?

ताईपाशी रडले. तिने केसांवरून हात फिरवला, वेडी आहेस चिमे, म्हणाली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

भाऊजींनी सकाळी चहा पिता पिता विचारलं, खणातला चष्मा कुठे ठेवलास. मी ताईकडे पाहिलं. ती ओटा पुसत राहिली. पुसलेलाच ओटा.

कामावर जाऊन पाहिलं. मी परत ठेवलेला चष्मा खणात नाही.

दुपारी पुस्तकात शोधलं. माणसाच्या वजनाचा शंभरावा भाग फॉस्फरस असतो. हाडांत, दातांत. सत्तर किलोच्या माणसात सातशे ग्रॅम.

काकांना विचारलं, मास्तर अंगाने कसे होते. मध्यम, म्हणाले. सत्तरेक किलो असतील.

पुस्तक मिटून ठेवलं. मग हात धुऊन पुन्हा खुर्चीवर बसले, कारण दुसरीकडे कुठे जाणार.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ताईला तोंडावर विचारलं. मला वाटलं ती हादरेल. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. म्हणाली, मास्तरांना किती समजावलं, ऐकेचनात, गिऱ्हाइकाला फोन करतो म्हणाले. तुझे भाऊजी वाईट नाहीत गं. घरचंच कुणी असलं तर सही करेल, म्हणून तुला मीच बोलवायला लावलं.

तिनेच. पिवळा अभ्रा घालून ठेवला आणि बोलावलं. लहानपणी मी हिचा पदर धरून झोपायचे. ती मेली असती तरी इतकं दुखलं नसतं, असं लिहिताना लाज वाटतेय, पण खरं आहे.

सही करणार नाही म्हटलं. ती म्हणाली, बघ बाई, विचार कर.

तिचा फोन बंद पडलाय म्हणून तिने माझा मागितला. अजून परत दिलेला नाही. काका आज कामावर आले नाहीत. विचारलं तर म्हणे सुट्टी दिलीय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळ

फाटकावरचा माणूस म्हणतो, पास दाखवल्याशिवाय बाहेर सोडता येणार नाही. पास भाऊजी देतात.

चकत्या आता कोमट नाहीत. गरम आहेत. एकीवर तीन ठिपके, मी तर ती मशिनवर ठेवलीच नव्हती — कालची, न घासलेली —

सवयीने आजची चकती लावली.

०.३०.

पुन्हा लावली. ०.३०. प्रमाण-तुकडा बरोबर येतोय. मशिन खोटं बोलत नाही. मास्तर, तुम्ही —

०.१९ च्या वर आणखी ०.११. अर्ध्या टनाला साडेपाचशे ग्रॅम. अजून भट्टीत काहीच पडलेलं नाही, आणि आकडा आधीच —

माझं वजन पंचावन्न किलो आहे.

दुपार

सगळ्यांना सुट्टी दिली. काचेतून दिसतंय, भट्टी पेटलेली आहे. चौथऱ्यावर फक्त भाऊजी. हात हलवून बोलावतायत.

सही करते म्हणून ओरडले काचेतून. ऐकू गेलं नसावं. किंवा —

ताई आली. दारात उभी आहे, डोळे रडून सुजलेत. म्हणते आजचा नमुना तुझ्याच हाताने घ्यायचाय, चल, मी आहे ना सोबत. माझा हात धरलाय. हात गार आहे तिचा. वर काळा चष्मा लावावा लागतो म्हणते, तुझा काढून इथे खणात ठेव, चिमे, मी धरून नेते तुला, लहानपणी न्यायचे त—