अरुंद दार

२६ ऑगस्ट
पोहोचलो एकदाचा! कुवेतच्या वफ्र्याला मळे दिसतील म्हटलं, तर निघाली इटली. आमचा मालक हौशी. वाळूचा उंचवटा करून त्यावर गुब्बिओ नावाचं जुनं डोंगरी गाव उभारतोय: दगडी घरं, चढत्या गल्ल्या, घंटेचा मनोरा. पाहुण्यांना राहायला. पेणच्या गणपती कारखान्यातला माझा हात बघून मला आणलंय, सिमेंटला सातशे वर्षांचा दगड करायला. सोबती रत्नागिरीचा जाफर, गवंडी. जलीबच्या कामगार वस्तीत एका खोलीत दहाजणांत कोंबण्यापेक्षा आम्हा दोघांना इथल्याच एका घरात ठेवलंय. जाफरच्या हातची डाळ झकास.

२९ ऑगस्ट
इंजिनिअर सुचित्राबाईंनी खऱ्या गुब्बिओचे फोटो दाखवले. जुन्या घरांना दोन दारं. मोठ्या दाराशेजारी एक अरुंद. म्हणे त्यातून फक्त प्रेत काढायचं आणि लगेच दगडांनी बुजवायचं, मेलेल्याला परत वाट सापडू नये म्हणून. आमच्या खोलीलाही जाफरने तसं दार ठेवलंय, आता नकलेसाठी बुजवणार. मी म्हटलं, बुजवतोस कशाला, वारा येतोय. तो हसला नाही.

३ सप्टेंबर
रंगाचे डबे ठेवायला परांचीची एक फळी काढली. परत लावायची राहिली. जाफर वर चढला आणि आमच्या घराच्या आतल्या चौकात पडला. जागीच गेला.
मोठ्या दारापुढे दगडांची थप्पी होती. त्याला आमच्या खोलीतून, अरुंद दारातून बाहेर काढलं. सुचित्राबाईंनी विचारलं, फळी कोणी काढली? मी म्हटलं, जाफरला घाई फार. जीभ कशी झडली नाही माझी?

७ सप्टेंबर
मय्यत गावी गेली. त्याची बायको मुनिरा फोनवर मलाच विचारत होती की तो असा निष्काळजी कधीपासून झाला. मी नुसतं हं हं केलं. अरुंद दार बुजवलं. हुकमाप्रमाणे मी त्या भिंतीवर दोन्ही बाजूंनी लाकडी दार रंगवलं, कडीसकट. लोक फसून कडीला हात घालतात, वाहवा करतात. मला मान वर करवत नाही.

१० सप्टेंबर
आज घरी गौरी आल्या असतील. फार एकटं वाटलं. मोठ्या दाराशी सिमेंटचा राडा, म्हणून रंगवलेल्या दारापासून आत, शेगडीपर्यंत, गौरीची पावलं काढली. चांगली ठसठशीत, आत येणारी. ब्रश धुताना लक्षात आलं, कुठल्या दारातून काढली ते.

११ सप्टेंबर
सकाळी पावलं मोठी झालेली. पुरुषाची. चुन्याची. घासली— जात नाहीत.

१२ सप्टेंबर
आज गौरींचं विसर्जन. ही पावलं परत फिरलेली नाहीत. शेगडीपाशी थांबलीत.
भर दुपारी डाळीचा वास. मी डाळ आणलेलीच नाही—
पाठमोरा बसलाय. ओरडत नाही. नुसतं विचारतो, "फळी कुठं हाय रे?"
मोठ्या दाराकडे धावलो. कडी हाताला लागेना. नुसता रंग—
मुनिराला कळायला हवं. लिहितो. आताही हात अडतोय, लाज नाही सुटत.
तो वळतोय.
जाफर, ती फळी मी—