रविवार, अकरा ते बारा

३१ ऑगस्ट, रविवार

अकराला ऋतूला व्हिडिओ कॉल लावला. ११.०४ ला नेट गेलं. ११.१६ ला आलं. ११.२१ ला परत गेलं ते बारालाच उगवलं. तोवर ती चित्रकलेच्या क्लासला निघून गेली होती. आठवड्यातला एक तास लेकीचा, त्यातली नऊ मिनिटं पदरात पडली.

घटस्फोटाच्या कागदावर तसंच आहे, वकिलाने टाइप करून दिलेलं. दर रविवारी सकाळी अकरा ते बारा व्हिडिओ कॉल, शाळेच्या सुट्ट्यांत काही दिवस वडिलांकडे. मनीषाची सही, माझी सही. सगळं सहमतीने. राउटरची सही घ्यायची राहिली.

घरमालक आण्णांना विचारलं. केबल त्यांची-माझी एकच. म्हणाले, "आमचं न्हाई जात. तुमचं डबडं जुनं हाय."

४ सप्टेंबर, गुरुवार

सुट्टी. कंपनीची सुट्टी गुरुवारी, ऋतूच्या शाळेची रविवारी. त्यामुळे दर रविवारी सेकंड शिफ्ट मागून घेतो. सुपरवायझर आता मला बघितलं की आधीच मान हलवतो.

दिवसभर फोन हातात घेऊन घरभर फिरलो. घर म्हणजे दीड खोली. कोठीजवळ सिग्नलच्या दोन कांड्या. खिडकीत तीन. मोरीच्या दाराशी सगळ्या. ठीक आहे. मोरीच्या दारात बसू.

७ सप्टेंबर, रविवार

स्टूल टाकून बसलो. ऋतू म्हणाली, पप्पा, तुमच्या मागे बादली दिसतेय. इतकी हसली की आजीला बोलावून दाखवली बादली. नाशिकला गेल्यापासून एवढी हसलेली बघितली नव्हती. दोन वर्षं होतील आता.

गणिताच्या बाई कडक आहेत. वर्गात दोन ऋतुजा आहेत, म्हणून हिला 'ऋतुजा मोठी' म्हणतात. सहावीतच माझ्या खांद्याला आली असेल.

दिवाळीला येणार ना, विचारलं. नवीन पलंग घेतलाय म्हटलं तुझ्यासाठी, खिडकीजवळ टाकलाय. ११.३८, चित्र जागच्या जागी थांबलं, मग कॉल कटला. नेट गेलं, नेट गेलं लिहून हात दुखला. यापुढे नुसतं ने.गे.

पलंग आवडला की नाही ते कळलंच नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

केबलवाला निकम एकदाचा आला. तिसरी तक्रार. पोट पुढे, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये. "भाऊ, बंद करून चालू केलं का?" म्हटलं, दोन वर्षं तेच करतोय. त्याने वायर काढली, फुंकर मारली, परत लावली. मी क्वालिटीला आहे. आमच्याकडे पार्ट चुकला तर त्याला फुंकर मारत नाहीत, लाल पेटीत टाकतात. तसं बोललोही. निकमला राग आला नाही. ऑफिसला सांगून नवीन देतो म्हणाला.

१४ सप्टेंबर, रविवार

११.०९ ने.गे. ११.२० आलं. परत एकदा गेलं-आलं. माझं डोकं फिरलेलं, पण तिच्यासमोर चेहरा हसरा ठेवला.

शनिवारी काय केलं? धरणावर गेलो होतो, आई, आजी आणि मी. कशाने? गाडीने. कोणाची गाडी?

११.३४ ने.गे.

परत लावला तर म्हणाली, "तुमचं नेट ना पप्पा." हो गं बाई, माझंच नेट. माझंच सगळं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

नवीन राउटर बसला. चार हिरवे दिवे. निकमने मोरीच्या वर खिळा ठोकून टांगला, म्हणाला आता कुठेही बसा. आण्णा चप्पल बाहेर काढून बघायला आले, देवाला आल्यासारखे. "आता व्हईल नीट बोलणं." संध्याकाळी उगाचच पाच मिनिटं त्या दिव्यांकडे बघत बसलो. मूर्खासारखं बरं वाटत होतं.

२१ सप्टेंबर, रविवार

पलंगावर बसून बोललो. चाळीस मिनिटं सलग. एकदाही अडकलं नाही. तिच्या कपाळावरची कांजिण्यांची खूणसुद्धा दिसली, इतकं स्वच्छ. तिने चित्र दाखवलं, मी कंपनीतल्या मांजरीची गोष्ट सांगितली.

मग म्हटलं, दिवाळीची सुट्टी लागली की कोणत्या दिवशी घ्यायला येऊ, मला आधी रजा टाकावी लागते. चित्र थांबलं. तोंड अर्धं उघडं, डोळे माझ्याकडे. ११.४२ ने.गे. कट.

नवा राउटर, जुनाच रोग. निकमला फोन करून नको ते बोललो.

२५ सप्टेंबर, गुरुवार

निकम स्वतः आला. भांडायला येईल वाटलं होतं. त्याने नुसता त्याचा मोबाइल पुढे केला. त्यांच्या ॲपमध्ये दिसतं, कोणाची लाइन कधी पडली, किती वेळ पडली. "भाऊ, रविवारी तुमची लाइन एकदाही पडली नाही. हे बघा."

म्हटलं, चौदा तारीख काढ. चौदाला दोनदा पडली होती. ११.०९ ला आणि ११.२३ ला. ११.३४ ला नाही. सात तारीख काढायला लावली. एकदाही नाही.

"समोरच्याचं गेलं असेल," निकम म्हणाला. माफी मागितली, चहा पाजला. तो गेल्यावर मनीषाला मेसेज टाकला, तुमच्याकडे नेट कसं आहे. दहा मिनिटांत उत्तर. चांगलं आहे. का?

काही नाही म्हणून टाकलं.

२८ सप्टेंबर, रविवार

लिहायला नको वाटतंय, पण लिहितो.

आज मुद्दाम विचारलं. मशीनवर पार्ट ठेवून बघतो तसं लेकीला बघितलं. मला लाज वाटते. बोलता बोलता सहज म्हटल्यासारखं, "त्या दिवशीची गाडी कोणाची होती गं?"

ती थांबली. ओठ थोडे उघडे, हात हवेत, पापणीसुद्धा हलेना. आणि तिच्या मागून तिची आजी मेथीची जुडी घेऊन स्वयंपाकघरात गेली. मग रिकाम्या हाताने परत आली.

ऋतू तशीच बसलेली. श्वास धरून. किती वेळ धरणार? मग तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, न मिचकावल्यामुळे की कशामुळे, देव जाणे. मला बघवेना. मीच मोठ्याने म्हणालो, अरे, गेलं वाटतं नेट, आणि मीच कट केलं.

सेकंडला गेलो. तीन पार्ट चुकीचे ओके केले. असेंब्लीवाल्याने आणून समोर ठेवले.

२९ सप्टेंबर, सोमवार

मागची पानं काढून वाचली. सात तारखेला दिवाळी आणि पलंग. चौदाला गाडी. एकवीसला परत दिवाळी. मीच मिनिटासकट लिहून ठेवलंय सगळं, आणि मलाच दिसलं नाही. त्या तिन्ही ठिकाणचं ने.गे. खोडलं. त्या जागी काय लिहायचं ते सुचलं नाही.

मी इकडे राउटर बदलत होतो.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सकाळी आण्णांच्या घरी आपट्याची पानं दिली-घेतली. मग दार लावून मनीषाला फोन केला. साधा फोन.

मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "तुम्हाला कळलं का?" अजून तुम्हीच म्हणते.

अविनाश नाव आहे. ती काम करते त्याच लॅबमध्ये. बायको वारली, मूल नाही. दिवाळीनंतर लग्न, घरच्या घरी. दिवाळीत त्यांच्या गावी जायचं ठरतंय, त्यामुळे ऋतूला माझ्याकडे नंतर पाठवेल, नक्की पाठवेल. माणूस बरा आहे म्हणाली. मी म्हटलं असेल. मला खरंच तसं वाटलं, आणि त्याचाच राग आला. वाईट असता तर बरं झालं असतं.

"ऋतूला मीच बजावलं होतं," मनीषा म्हणाली. "पप्पांना तू सांगू नको, मी सांगते. आणि मला काही धीर होईना."

म्हटलं, ती एकदाही खोटं बोलली नाही माझ्याशी. ऋतूने मला फसवलं असं मनीषाला वाटू नये म्हणून सांगितलं मी, पण तिला ते टोमण्यासारखं लागलं असणार. आमचं हे कायमचंच.

अभिनंदन म्हणालो. फोन ठेवला. मग रडलो. कोर्टातून बाहेर आलो त्या दिवशी रडलो नव्हतो, वडापाव खाऊन सेकंडला उशिरा कार्ड पंच केलं होतं. मला वाटायचं मी फार घट्ट माणूस. आता कळतंय, दोन वर्षं मी मनातून घटस्फोट घेतलाच नव्हता. तिकडे त्या घरात एक जागा रिकामी आहे आणि ती माझी आहे, असं धरून चाललो होतो.

५ ऑक्टोबर, रविवार

अकराच्या ठोक्याला लावला. पहिलं वाक्य हेच ठरवलं होतं. म्हटलं, "ऋतू, आईने मला सगळं सांगितलंय. आता तुला काही लपवायचं नाही."

ती हलली नाही. मला वाटलं परत तेच. पण या वेळी खांदे हलत होते.

"मी खोटं नाही बोलले पप्पा."

"माहितीये बाळा."

"रागावलात?"

"नाही."

नाक पुसायला ओढणी की काय घेतली तिने, आईची असेल. मग आम्ही इकडचं तिकडचं बोललो. चाचणीत गणितात वीसपैकी सतरा. कंपनीतल्या मांजरीला पिल्लं झाली. मला वाटलं, चला, सुटलो. आजचा रविवार पार पडला.

बाराला पाच कमी असताना म्हणाली, पप्पा, एक विचारू?

आजी म्हणते, लग्न झाल्यावर काका म्हणायचं नाही. पप्पा म्हणायचं. नाहीतर लोक विचारतात, काकांना वाईट वाटतं. आईला विचारलं तर आई म्हणाली, तुला वाटेल ते. काकांना विचारलं तर तेही म्हणाले, तुला वाटेल ते. "पण मला काय वाटतं ते मला कळतच नाही. मी काय म्हणू? तुम्ही सांगाल तेच म्हणीन."

अकरा वर्षांच्या पोरीने हे दोघांना विचारून बघितलं आणि शेवटी माझ्याकडे आणलं.

म्हटलं, विचार करून सांगतो. पुढच्या रविवारी. नक्की?, म्हणाली. नक्की.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काका नको, आजी ऐकणार नाही. अविकाका? तेही काकाच. बाबा? माझ्या वडिलांना मी बाबा म्हणायचो. गावाला त्यांच्या मागे मागे फिरून ऋतूही आजोबा न म्हणता बाबाच म्हणायची. ते गेले तेव्हा ती चार वर्षांची, आठवत नसेल तिला. मला आठवतं. नको.

डॅडी. हसू आलं एकट्यालाच. नाशिकला लॅबमधल्या माणसाला डॅडी.

पप्पा म्हण, असं मला सांगता येणार नाही. मोठेपणा वगैरे सगळं ठीक आहे. मला नाही जमणार.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सुट्टी. आण्णांपाशी आडून विचारलं, एका मित्राचं म्हणून. त्यांनी तंबाखू मळायची थांबवली. मित्र कोण ते त्यांना कळलंच असणार. "नाव काय बी ठिवू द्या हो. हाक मारल्यावर धावून येतो का न्हाई, तेवढं बघायचं."

आण्णांचं बरोबर असेल. पण त्यांच्या लेकी इथे गावात, कुरुळीतच दिल्यात, दिवसातून दोनदा आण्णा, आण्णा करत येतात. त्यांना काय जातंय.

दुपारी पलंग खिडकीपासून सरकवला. ऊन येतं थेट डोळ्यांवर. मग परत होता तिथे ठेवला, तिलाच विचारू.

११ ऑक्टोबर, शनिवार

कंपनीत मास्टर पीस असतो. बाकीचे सगळे पार्ट त्याच्याशी ताडून बघायचे. आज तो हातात घेऊन उभा होतो तेव्हा वाटलं, माझ्याशी कोणाला ताडून बघणार ती? मी तिच्या शाळेच्या एकाही स्नेहसंमेलनाला गेलेलो नाही. कांजिण्या आल्या तेव्हा मी ओव्हरटाइमला होतो. धरणावर तो घेऊन जातो. ताप आला तर तोच उठणार. मग त्याने हाक तरी कोणती ऐकायची?

असं म्हटलं की सोपं वाटतं. मग तिचा आवाज आठवतो, "पप्पा, तुमच्या मागे बादली दिसतेय," आणि सगळं परत होतं तिथेच.

तिला सांगायचं तरी काय, की मला अजून थोडे दिवस दे? पोरगी देईलही. पण तिने विचारलं तेव्हा तिला कोणीच उत्तर दिलेलं नाही. मीही नाही दिलं तर मी तिसरा.

१२ ऑक्टोबर, रविवार

लवकर उठलो. दाढी केली. राउटरचे चारही दिवे हिरवे. खोटं सांगत नाही, आज निकमची लाइन पडावी असं एकदा मनात आलं. नाही पडली.

एका चिठ्ठीवर दोन शब्द लिहिलेत, पप्पा आणि काका. एक तिच्यासाठी बरा आहे, एक माझ्यासाठी. चिठ्ठी समोर ठेवलीय. कोणता सांगणार ते मला अजून माहीत नाही.

दहा पन्नास झालेत. आजवर कॉल मीच लावत आलोय, अकराच्या ठोक्याला. आज तिकडून वाजतोय. दहा मिनिटं आधी.

उचलतो.